लढाई उभी करण्याआधी गाव चालून या

इंग्लंडमध्ये मिडलंड्सच्या एका खेड्यात राहणाऱ्या मराठी बाईंचा प्रश्न आला आहे. गावाजवळ १६४५ साली, म्हणजे राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात, एक छोटी चकमक झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती गावकऱ्यांसाठी करून दाखवायची असं पॅरिश कौन्सिलने, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीने, ठरवलंय आणि "तुमच्याकडे मिरवणुका फार असतात, तुम्हाला जमेल" म्हणून काम यांच्या गळ्यात पडलंय. त्या विचारतात: माणसं किती लागतात? बंदुका खरोखर उडवता येतात का? गावातल्या मुलांना घेता येईल का? आणि शेवटी, "खरं सांगू का, त्यांच्या भाऊबंदकीत आपण कशाला पडायचं?"

शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी काम.

मी मूळची कराडकडची. चेशायरमध्ये येऊन तेवीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं दर उन्हाळ्यात सतराव्या शतकातल्या लोकरी कोटात अशा लढाया करून दाखवताना घामाघूम होण्यात गेली. पहिली आठ वर्षं भाल्यावर होते, मग बंदूक घेतली, आता गुडघे बोलायला लागले म्हणून बहुतेक वेळ प्रेक्षकांच्या दोरीच्या कडेने हातात कागद घेऊन फिरते. त्यामुळे माझं सांगणं जरा दोरीच्या बाजूचं असेल.

माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी लागतात, आणि ती तुम्ही जमवायची नाहीत. नव्या कमिट्या इथेच चुकतात. भाड्याचे कपडे आणायचे, पबमधल्या पोरांच्या हातात काठ्या द्यायच्या आणि शनिवारी दुपारी "करा सुरू" म्हणायचं. गणपतीतल्या हलत्या देखाव्यात पुतळे असतात म्हणून ते चालतं. इथे काठी हातात असलेला माणूस दोन पेले पिऊन आलेला असतो आणि समोर त्याचा मेव्हणा असतो.

हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या संस्था इथे आहेत. त्यातली जुनी म्हणजे सील्ड नॉट. ब्रिगेडियर पीटर यंग हे दुसऱ्या महायुद्धातले कमांडो, नंतर सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत युद्धेतिहास शिकवायचे. एजहिलच्या लढाईवर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्या निमित्ताने जुन्या वेशात मंडळी जमवली आणि १९६८ साली त्यातून ही संस्था उभी राहिली. नाव घेतलं ते राजाचा पाडाव झाल्यावर, पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या राज्यात, राजाला परत आणण्यासाठी गुप्तपणे खटपट करणाऱ्या एका गटाचं. दुसरी इंग्लिश सिव्हिल वॉर सोसायटी. तिच्यातला राजाच्या बाजूचा गट दर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी लंडनमध्ये संचलन करतो, कारण ३० जानेवारी १६४९ ला पहिल्या चार्ल्सचं मुंडकं व्हाइटहॉलमध्येच उडवलं होतं. अशी संस्था आली की शिकलेली माणसं, कपडे, हत्यारं, बंदुकीच्या दारूचे परवाने आणि स्वतःचा विमा घेऊन येते. तुम्ही द्यायचं ते शेत, पिण्याचं पाणी, शौचालयं, गाड्या लावायला जागा, चुलीसाठी लाकूड, बसायला पेंढ्याचे गठ्ठे आणि ठरलेलं मानधन. यातलं पाणी सगळ्यात आधी बघा. लोकरीचा कोट, टोपी, बंदूक आणि जुलै महिना. पाण्याचा नळ दोन शेतं पलीकडे असला तर दुपारपर्यंत तुमची फौज लढाईविनाच गारद होते. हे मी बघितलंय.

पण संस्थेला पत्र लिहिण्याआधी एक काम तुमचं आहे आणि ते कुठलीही संस्था तुमच्यासाठी करणार नाही. गाव चालून या.

मी असं का म्हणते ते नँटविचच्या उदाहरणाने सांगते, कारण ते माझ्या जवळचं आहे आणि माझ्या मते इंग्लंडमधलं सगळ्यात चांगलं जमलेलं आहे. १६४३ च्या हिवाळ्यात चेशायरमध्ये पार्लमेंटच्या बाजूचं एवढंच ठाणं उरलं होतं. राजाच्या बाजूचे लॉर्ड बायरन आयर्लंडहून परतलेल्या पलटणी घेऊन आले. २३ डिसेंबरला बार्थम्ली गावच्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या बाराएक माणसांना त्यांच्या शिपायांनी ठार केलं. मग नँटविचला वेढा पडला. १८ जानेवारी १६४४ चा हल्ला गावाने परतवला. तेवढ्यात भर थंडीत पेनाइन्सचे डोंगर ओलांडून पार्लमेंटचे सेनापती सर थॉमस फेअरफॅक्स मदतीला पोहोचले आणि २५ तारखेला लढाई झाली. ती ठरवली कोणी? वीव्हर नदीने. अचानक उबारा आला, बर्फ वितळलं, नदी फुगली आणि बायरनच्या लोकांचा पूल वाहून गेला. अर्धी फौज या काठाला, अर्धी त्या. घोडदळाला मैलोन् मैल वळसा घालून यावं लागलं. तोवर जवळच्या ॲक्टन गावापाशी बायरनचं पायदळ समोरून फेअरफॅक्स आणि पाठीमागून गावातली शिबंदी यांच्यात सापडलं, आणि ॲक्टनच्या चर्चपाशी शरण आलं.

गावाने पुढे त्या तारखेला टोपीत, केसांत हॉलीची डहाळी खोवायची चाल पाडली. हॉली म्हणजे ते काटेरी पानांचं, लाल फळांचं झुडूप. दिवसाचं नाव पडलं 'हॉली होली डे'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली होळीच वाटली होती आणि जानेवारीत कसली होळी म्हणून मी गंभीरपणे विचारलंही होतं. ती चाल मध्ये विसरली गेली आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाली. आता दर जानेवारीत २५ तारखेच्या आसपासच्या शनिवारी सील्ड नॉटची मंडळी ढोल वाजवत गावातून जातात, चौकात मृतांसाठी पुष्पचक्र ठेवतात आणि मग नदीकाठच्या मैदानात लढतात. हाडं गोठवणारी थंडी असते. तरी बायका लेकरांना गुंडाळून येतात, म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या छातीवर हॉलीची दोन पानं असतात.

लढाई तासभरसुद्धा चालत नाही. खरं सांगायचं तर लष्करी दृष्टीने बघितलं तर तिचा ॲक्टनच्या लढाईशी बेताचाच संबंध असतो. हजारोंच्या जागी काही शे माणसं, आणि जागाही वेगळी. तरी ती लागू पडते, कारण बघणाऱ्याला ती नदी माहीत आहे. गेल्या पावसात तिचं पाणी कुठवर आलं होतं हे त्याला माहीत आहे. "पूल वाहून गेला" हे वाक्य त्याला समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या गावाची ती नदी कोणती, हे तुम्हाला शोधायचं आहे. एखादा ओढा असेल, चर्चची कमान असेल, दोन शेतांमधलं कुंपण असेल. मी चकमकीच्या गावात गेले की आधी नुसती चालते. रस्ता कुठून वर चढतो, दमछाक कुठे होते, घोड्याला कुठे वळता येणार नाही. मग कागद बघते. चर्चची दफनाची नोंदवही बघा, त्यात नाव नसलेला नुसता "एक शिपाई" सापडतो तेव्हा अंगावर काटा येतो. बघताना एक ध्यानात ठेवा: त्या काळी इथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी १६४५ मधलं दफन वहीत १६४४ खाली लिहिलेलं असतं. युद्धाच्या वर्षांत कित्येक वह्यांमध्ये पानंच्या पानं कोरी आहेत, तेव्हा काही सापडलं नाही तर हिरमुसू नका. दुसरा कागद म्हणजे १६४१-४२ ची 'प्रोटेस्टेशन' नावाची शपथ. गावोगावच्या अठरा वर्षांवरच्या पुरुषांना ती घ्यायला लावली होती आणि नावांच्या याद्या पार्लमेंटकडे गेल्या. सगळ्या गावांच्या उरल्या नाहीत, पण तुमच्या गावाची उरली असेल तर युद्ध सुरू व्हायच्या उंबरठ्यावर त्या गावात कोण कोण नांदत होतं, हे नावानिशी हातात येतं. तिसरा कागद जिल्ह्याच्या जुन्या न्यायसभांमधला: जायबंदी शिपायांनी आणि विधवांनी पेन्शनीसाठी केलेले अर्ज. नवरा अमक्या ठिकाणी पडला, पदरात इतकी मुलं, घरात काही नाही. आपल्याकडच्या तलाठ्याकडच्या अर्जांची जी भाषा असते, तीच. चारशे वर्षांत फारसा फरक नाही.

एका गावात आम्ही ती १६४२ ची यादी तिथल्याच लोकांकडून वाचून घेतली. एका शेतकऱ्याने आपलंच आडनाव वाचलं, थांबला, आणि पुन्हा वाचलं. त्यानंतर आम्ही काय लढलो ते कोणाला आठवत नसेल. ती यादी आठवते.

कमिटीत आणखी एक वाद होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. "आपलं गाव कोणाच्या बाजूचं?" राजाचं की पार्लमेंटचं? सगळ्यांना राजाकडचं व्हायचं असतं, कारण तिकडे टोपीला पिसं असतात. (दोन्हीकडचे लोक जवळपास सारखेच कपडे घालायचे, म्हणून तर मार्स्टन मूरच्या लढाईत पार्लमेंटवाल्यांनी ओळखीसाठी टोपीत पांढरा कागद नाहीतर रुमाल खोवला होता. फेअरफॅक्स शत्रूच्या गर्दीत एकटा सापडला तेव्हा त्याने तो काढून टाकला आणि त्यांच्यातलाच एक असल्यासारखा घोडा हाकत निसटला. हा प्रसंग मुलांना फार आवडतो.) पण बहुतेक गावांचं खरं उत्तर "कोणाच्याच नाही" असंच होतं. १६४५ मध्ये डॉर्सेट, विल्टशायर, सॉमरसेटकडे शेतकऱ्यांनी दांडकी उचलली ती दोन्ही फौजांविरुद्ध. त्यांना क्लबमेन म्हणत. त्यांच्या एका निशाणावर लिहिलं होतं की लुटाल किंवा आमची गुरं न्याल, तर आम्ही तुमच्याशी लढू. ऑगस्टमध्ये हॅम्बल्डनच्या टेकडीवर क्रॉमवेलने त्यांना उधळलं, शेकडोंना चर्चमध्ये कोंडलं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांना समज देऊन सोडून दिलं. तुमच्या गावातल्या लोकांना लढाईत भूमिका द्यायची असेल तर हीच द्या. दोन फौजा संस्थेच्या, तिसरी बाजू गावाची. दाणागोटा मागायला आलेला शिपाई, दार न उघडणारी बाई, गाय लपवणारा पोरगा. याला हत्यार लागत नाही, परवाना लागत नाही, आणि हे सगळ्यात खरं आहे.

आता शेत. चकमक जिथे झाली त्याच शेतात करायचा मोह आवरा. इंग्लंडमध्ये १९९५ पासून ऐतिहासिक रणभूमींची अधिकृत यादी आहे, सुरुवातीला तिच्यात ४३ जागा होत्या. तुमचं शेत त्यात असो वा नसो, जमिनीत शिशाच्या गोळ्या कुठे किती पडल्यात यावरून पुरातत्त्वाचे लोक लढाईचा नकाशा काढतात. आमच्या तीनशे बुटांनी तिथे नाचायचं आणि वर आमची बटणं, बकलं पाडून यायची, म्हणजे पुढच्या संशोधकाच्या ताटात माती. शेजारचं शेत घ्या. एजहिलची तर बरीचशी रणभूमी आज लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठाराखाली आहे, तिथे कोणालाच सहजी जाता येत नाही, तरी एजहिल सांगायचं कोणी थांबलेलं नाही.

शेत हलक्या उताराचं बघा, प्रेक्षक वरच्या बाजूला. वाऱ्याची दिशा बघा. माझ्या पहिल्या आयोजनात मी ती बघितली नव्हती. बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर पांढरा, दाट आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा असतो. पहिल्या फैरीनंतर सगळा धूर प्रेक्षकांवर गेला आणि पुढची दहा मिनिटं लोकांनी लढाई फक्त ऐकली. सुकलेलं गवत असेल तर आधी कापून, उचलून घ्यावं लागतं, नाहीतर बंदुकीचा पेटता तोडा, म्हणजे बार उडवायची धुमसती दोरी, पडली की खरी आग. आणि आजूबाजूला कोणाकोणाचे घोडे आहेत, हे दारोदार जाऊन विचारा. पत्रक टाकून भागत नाही.

बंदुका. हो, उडवता येतात, आणि त्याच बघायला लोक येतात. आमच्या बहुतेक बंदुका तोड्याच्या. गंमत अशी की या कामातले शब्द इथल्या मंडळींना पुस्तकातून शिकावे लागतात आणि मराठीत ते आपल्याकडे आयते आहेत. ठासणीची बंदूक, तोडा, काना, रंजक, गज. सोऱ्यात भिजवलेली दोरी म्हणजे तोडा, तो धुमसत असतो. नळीला बुडाशी असलेलं भोक म्हणजे काना, त्याच्याजवळच्या वाटीत बारीक दारू, ती रंजक. चाप ओढला की तोडा रंजकेवर टेकतो, ती भडकते आणि कान्यातून आत जाऊन बार उडतो. आजोबांच्या तोंडी ऐकलेले हे शब्द मी पहिल्यांदा खरे वापरले ते चेशायरमधल्या एका चिखलात.

आमच्या बंदुकीत गोळी नसते, हे उघड आहे. मैदानात आम्ही गज, म्हणजे नळीत दारू ठासायची कांब, तीसुद्धा वापरत नाही. कारण साधं: घाईत गज नळीतच राहिला आणि बार उडाला तर तोच बाण होतो. नळी नेहमी माणसांच्या डोक्यांच्या वर, आणि समोरच्या रांगेपासून ठरलेलं अंतर राखूनच फैर. बार उडाला नाही तर बंदूक तशीच वर धरून थांबायचं, आत डोकवायचं नाही. ब्रिटनमध्ये अशी बंदूक बाळगायला पोलिसांकडून शॉटगनचं सर्टिफिकेट लागतं, काळी दारू विकत घेऊन घरात ठेवायला वेगळा परवाना लागतो, आणि त्यावर संस्थेची स्वतःची परीक्षा असते. तुमच्या पॅरिशमधले एखादे सद्गृहस्थ "माझ्याकडे आजोबांची बंदूक आहे, मीही येतो" म्हणतील. त्यांना चहा द्या आणि नाही म्हणा.

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांना आधी कळवणं हे संस्थाच तुम्हाला सांगेल, त्यावर शब्द घालवत नाही.

भाल्यांबद्दल मात्र सांगायला हवं, कारण दिसायला ते निरुपद्रवी वाटतात. त्यांना इथे पाईक म्हणतात. आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. इथे पाईक म्हणजे त्याच्या हातातला सोळा-अठरा फुटी भाला. सुरुवातीला या गोंधळात माझे दोन सराव गेले. त्या काळी भाले आडवे रोखून दोन तुकड्या एकमेकींवर जायच्या. आम्ही भाले उभे धरतो आणि खांद्याला खांदा लावून रेटतो. दहीहंडीच्या खालच्या थरात उभं राहिलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही: धोका पडण्यात नसतो, पडलेल्यावर मागचे पडण्यात असतो. म्हणून मागच्या रांगेत शहाणी माणसं ठेवतात, आणि कोणाला खरंच लागलं तर तो इशारा ऐकताच दोन्ही फौजा जागच्या जागी थांबतात. त्या क्षणी प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटतं. वाटू द्या.

मुलांना घ्याच, पण दोरीच्या आत हत्यारांजवळ नको. त्यांना छावणीत पाठवा. लढाईच्या आधी सकाळभर छावणी उघडी ठेवायची असते: कोणी चुलीवर रटरटणारं काहीतरी ढवळतंय, कोणी शिसं वितळवून गोळ्या ओततंय, शस्त्रवैद्य आपली करवत दाखवून पोरांना घाबरवतोय. मुलांकडून काठ्यांच्या भाल्यांची कवायत करून घेतात आणि ती दर वेळी खऱ्या फौजेपेक्षा जास्त टाळ्या घेते. एक मुलगी मला म्हणाली होती, "बायका लढत होत्या का तेव्हा?" मी तिला ब्रिलियाना हार्लीबद्दल सांगितलं. नवरा लंडनला पार्लमेंटात, आणि १६४३ मध्ये राजाच्या फौजेने वेढलेला ब्रॅम्प्टन ब्रायनचा गढीवजा वाडा हिने सात आठवडे लढवला. मुलीने विचारलं, "मग जिंकली?" वेढा उठला, हो. पण त्याच शरदात ती आजारपणाने गेली आणि पुढच्या वर्षी वाडा पडला. मुलांना हे सगळं सांगावं. ती आपल्यापेक्षा कणखर असतात.

मोठ्यांना सांगणं अवघड जातं. कमिट्यांना लढाई हवी असते, पण लढाईनंतरचं नको असतं. नेझ्बीला १४ जून १६४५ रोजी पार्लमेंटच्या फौजेने निर्णायक विजय मिळवला, हे सगळ्यांना सांगायचं असतं. पण त्याच दुपारी विजयी शिपायांनी राजाच्या फौजेच्या सामानाबरोबर असलेल्या बायकांपैकी शंभराच्या आसपास कापून काढल्या, कित्येकींचे चेहरे विद्रूप केले, हे "कुटुंबांच्या दिवशी कशाला" म्हणून वगळतात. मी भांडते. रक्त दाखवायला नाही. निवेदकाने शांतपणे दोन वाक्यं बोलावीत एवढ्यासाठी. आणि बार्थम्लीचं सांगायचं तर नेझ्बीचंही सांगायचं, म्हणजे एकाच बाजूला राक्षस करून गावाला मोकळं होता येत नाही. या युद्धात इंग्लंडमध्ये लढताना ऐंशी हजारांहून जास्त माणसं मेली आणि फौजांबरोबर आलेल्या रोगराईने त्याहून जास्त, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तेव्हा देशाची वस्तीच मुळी पन्नास लाखांच्या घरात होती.

एका गावात आमची फैर झाली आणि दोरीपाशी उभं असलेलं एक कुटुंब, आई आणि दोन मुलं, वळून चालू लागलं. पळाले नाहीत, भराभर चालत गेले. नंतर कळलं की ते वर्षभरापूर्वीच एका खऱ्या युद्धातून इथे आले होते. गावाने त्यांना प्रेमाने बोलावलं होतं आणि "आवाज होईल" एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून मी आयोजकांना आधी विचारते: गावात फौजेतून परतलेले कोण आहेत, युद्धातून आलेले कोण आहेत? त्यांच्याकडे स्वतः जा. पहिला बार किती वाजता, शेवटचा किती वाजता, हे घड्याळ लावून सांगा आणि मग ते पाळा. काही जण त्या वेळात गावाबाहेर जातील, काही येतील. एक म्हातारे सैनिक दर वर्षी येतात, पाठ फिरवून उभे राहतात आणि संपल्यावर आमच्याबरोबर चहा पितात.

जखम जितकी ताजी, तितकं हे काम नाजूक. २००१ साली यॉर्कशायरमध्ये ऑरग्रीव्हला १९८४ च्या खाणकामगारांच्या संपातली पोलिसांशी झालेली चकमक पुन्हा उभी केली होती. त्यात आमच्यासारखी हौशी मंडळी होती आणि त्या दिवशी खरोखर मार खाल्लेले खाणकामगारही होते. तिथे निवेदकाची गरज नव्हती. तुमच्याकडे सगळे साक्षीदार मेलेले आहेत, तुमचं काम सोपं आहे.

शेवट कसा करायचा हेही आत्ताच ठरवा. पडलेली माणसं उठून, पाठ झटकून, टाळ्या घेत निघून जातात, हे मला पहिल्यापासून खटकायचं. आम्ही एक साधं करतो. ढोल थांबतो. उभे असलेले टोप्या काढतात. पडलेले लगेच उठत नाहीत. एखादा मिनिटभर फक्त वारा आणि कुठेतरी रडणारं एखादं बाळ. मग हळूहळू उठायचं. प्रेक्षक सुरुवातीला गोंधळतात, टाळ्या वाजवाव्यात की नाही त्यांना कळत नाही. तो गोंधळ मला टाळ्यांपेक्षा बरा वाटतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, त्यांच्या भाऊबंदकीत आपण कशाला.

एकदा दोरीपाशी एका गृहस्थांनी मला फार सौजन्याने विचारलं होतं, तुमच्यासारखे लोक तेव्हा इथे होते का? मी म्हटलं, १६१६ साली लंडनमध्ये बंगालच्या उपसागराकडून आणलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा झालेला आहे, चर्चच्या वहीत आहे. पण तुमच्या शेजारी तलवार घेऊन उभा असलेला तो लॉर्ड आठवडाभर प्लंबिंग करतो, त्याला विचारलंत का? गृहस्थ हसले. तुम्हालाही कोणीतरी विचारेल, तेव्हा चिडू नका. उत्तर तयार ठेवा.

दुसरं. नँटविचला जे पकडले गेले त्यात राजाच्या बाजूचा जॉर्ज मंक नावाचा एक कर्नल होता. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत पडला, पुढे पार्लमेंटच्या चाकरीत गेला, मोठा सेनापती झाला आणि १६६० मध्ये त्यानेच दुसऱ्या चार्ल्सला राज्यावर परत आणवलं. त्या चार्ल्सने पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न केलं, १६६१ च्या करारात मुंबई आंदण मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ॲक्टनच्या चिखलात मंक पकडला न जाता मेला असता तर काय झालं असतं, असल्या जर-तरच्या भानगडीत मी पडत नाही. पण हॉलीची डहाळी छातीवर लावून त्या नदीकाठी उभी असते तेव्हा मी परक्याच्या कार्यात आल्यासारखी नसते.

आणि युद्धाला 'यादवी' म्हणायचं तर तो शब्द तुमचा आहे, त्यांचा नाही. इंग्रजीत नुसतं नागरिकांचं युद्ध म्हणतात. आपण म्हणतो ते प्रभासच्या किनाऱ्यावर दारूच्या नशेत लव्हाळी उपटून एकमेकांना मारणाऱ्या भावाभावांवरून. छावणीत शेकोटीशी मी ही गोष्ट आमच्या भालाइतांना सांगितली होती. लव्हाळ्याचं मुसळ झालं, असं म्हटल्यावर आमच्या तुकडीतल्या एका सुताराने शेजारी टेकवून ठेवलेल्या आपल्या भाल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ॲशचं लाकूड आहे, पण आलं लक्षात."

कमिटीच्या बैठकीत हे काही बोलू नका. तिथे पाण्याच्या नळाचं विचारा.